विश्लेषण : विकलेली गाडी जुन्याच नावावर राहिली, तर सरकारचे नेमके काय जाते?

स्कूटर विकून आठ महिने झालेले असतात. पैसे मिळालेले, टीटी फॉर्मवर सह्या झालेल्या, 'नाव चढवून घेतो साहेब, काळजी करू नका' असे आश्वासनही मिळालेले. आणि एके दिवशी मोबाइलवर मेसेज येतो : कल्याण-शीळ रस्त्यावर विनाहेल्मेट, दंड ५०० रुपये. फोटोत स्कूटर आपलीच, चालवणारा मात्र अनोळखी. डोंबिवलीत ही कहाणी ऐकायला फार लांब जावे लागत नाही. कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेनंतर चहाच्या वेळी विषय काढून पाहा.

विकणाऱ्याला होणाऱ्या मनस्तापाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. सरकारी तिजोरीवर याचा काय परिणाम होतो, याची चर्चा मात्र एकाच बाजूने होते. वाहन हस्तांतरणाचे नियम सोपे करा म्हटले की, 'महसूल बुडेल' हे उत्तर तयार असते. हे उत्तर एका प्रकारच्या हस्तांतरणाला लागू पडते, ते म्हणजे गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते तेव्हा. पण डोंबिवलीतली गाडी बदलापूरला किंवा भिवंडीला विकली गेली, तर हिशेब साफ उलटा आहे. तिथे नियम बदलण्यापेक्षा ते आहेत तसेच ठेवणे सरकारला महाग पडते आहे.

हस्तांतरणातून सरकारला मिळते किती?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालकी हस्तांतरणाचे शुल्क नव्या नोंदणीच्या निम्मे आहे. दुचाकीच्या नोंदणीला ३०० रुपये, म्हणून हस्तांतरणाला १५०. खासगी मोटारीला ६०० आणि ३००. शिवाय स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि टपालखर्च. बँकेचा बोजा नोंदवायचा असेल तर त्याचे शुल्क वेगळे. राज्याच्या हद्दीत गाडीचा मालक बदलला म्हणून एकरकमी कर पुन्हा भरावा लागत नाही. तो गाडी नवी असताना पहिल्याच मालकाने भरलेला असतो.

म्हणजे स्कूटर नावावर करून दिल्याबद्दल सरकारच्या पदरात पडतात ते दीडशे रुपये. त्या बदल्यात कागद तपासायचे, चासी क्रमांक जुळवायचा, कर थकलेला नाही हे पाहायचे, लिपिकापासून अधिकाऱ्यापर्यंत मंजुरी द्यायची, कार्ड छापायचे आणि घरी पाठवायचे. हा व्यवहार नफ्याचा नाही आणि तो नफ्याचा असावा अशी अपेक्षाही नाही.

आता हीच स्कूटर नावावर न होता फिरत राहिली असे समजा. तिच्यावर हेल्मेटचे एक चलन आले, सिग्नल तोडल्याचे एक आणि नो पार्किंगचे एक. प्रत्येकी ५०० धरले तर १,५०० रुपये. जुना मालक म्हणतो गाडी माझी नाही. नव्या मालकाला मेसेजच जात नाही. दहा स्कूटरींच्या हस्तांतरण शुल्काइतकी रक्कम एका स्कूटरमागे अडकून पडली.

राज्यातील ई-चलनांची थकबाकी दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे २०२५ मध्ये समोर आले. ती सगळी जुन्या नावांमुळे आहे असे कुणी म्हणणार नाही. आपल्याच नावावरच्या गाडीचा दंड वर्षानुवर्षे न भरणारेही भरपूर आहेत. दंड हे उत्पन्नाचे साधन मानू नये, हेही खरे. पण चुकीच्या माणसाला गेलेले चलन उत्पन्नही देत नाही आणि शिस्तही लावत नाही. हेल्मेट न घालणाऱ्याला दंड झाल्याचे कळलेच नाही, तर तो उद्याही तसाच जाणार. कॅमेरे, सर्व्हर, मेसेज या सगळ्यावरचा खर्च मात्र झालेला असतो.

कायदा सोपा आहे, अडते कुठे?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५० वाचले तर त्यात गुंतागुंत दिसत नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा. विकणाऱ्याची सूचना म्हणजे फॉर्म २९ आणि घेणाऱ्याचा अर्ज म्हणजे फॉर्म ३०. कायद्याने या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या मानल्या आहेत आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या ठेवल्या आहेत.

व्यवहारात मात्र दोन्ही फॉर्म एकाच गठ्ठ्यात जातात. विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो. गठ्ठा खरेदीदाराकडे, दलालाकडे किंवा एजंटाकडे राहतो. पुढचा ग्राहक मिळेपर्यंत दलाल तो जपून ठेवतो, कारण मध्ये आपले नाव चढवले तर शुल्कही जाते आणि आरसीवर एक मालकही वाढतो. 'फर्स्ट ओनर' गाडीला भाव जास्त मिळतो, हे जुन्या गाड्यांच्या बाजारातले पहिले गणित. थोडक्यात, विकणाऱ्याने स्वतः द्यायची सूचना घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली आहे. कलम ५० मोडल्याचा दंड इतका किरकोळ आहे की दलालाच्या हिशेबात त्याला जागाही नसते.

यात डोंबिवलीची स्वतःची एक भर आहे. हे शहर बाहेरून आलेल्यांनी वसवले. गिरगाव, दादर, परळ, घाटकोपर सोडून लोक आले आणि गाड्याही आल्या. मानपाडा रोडवर पाच मिनिटे उभे राहिलात तर एमएच-०५ च्या जोडीला एमएच-०१, ०२, ०३, ०४ आणि ४३ च्या पाट्या सहज दिसतील. राज्यांतर्गत स्थलांतरात नंबर बदलावा लागत नाही, ते योग्यच आहे. पण पत्ता बदलल्याचे ३० दिवसांत कळवायचे असते आणि ते कितीजण करतात, हे ज्याने त्याने आपापल्या आरसीवरचा पत्ता पाहून ठरवावे. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तरी आरसीवर खोली क्रमांक तोच असतो.

जुन्या नावाचे बिल कोणाकोणाकडे जाते?

पहिले वाहतूक पोलिसांकडे, ते वर आलेच. दुसरे महापालिका आणि पोलीस या दोघांकडे, बेवारस वाहनांच्या रूपाने. स्टेशनजवळच्या गल्ल्यांत, एमआयडीसीतल्या रस्त्यांच्या कडेला, उड्डाणपुलांखाली धूळ खात पडलेल्या दुचाकी आणि मोटारी आपण रोज पाहतो. त्या हलवायच्या तर आधी मालक शोधायचा, त्याला नोटीस द्यायची, वाट पाहायची, मग उचलायची, कुठेतरी ठेवायची आणि शेवटी लिलाव. नोंदीतला मालक 'मी दहा वर्षांपूर्वी विकली' म्हणाला की पहिली पायरीच कोसळते. मधल्या काळात रस्त्याची ती जागा अडलेली राहते, आणि डोंबिवलीत रस्त्याच्या सहा फुटांची किंमत काय असते हे वेगळे सांगायला नको.

तिसरे बिल न्यायालयाकडे. अपघातात भरपाई कोणी द्यायची, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट उत्तर दिले. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, नोंद मात्र मूळ मालकाचीच राहिली होती. न्यायालयाने कायद्यातील 'मालक' या व्याख्येवर बोट ठेवले : ज्याच्या नावावर नोंद, तो मालक. अपघातग्रस्ताने विक्रीच्या साखळीतला शेवटचा माणूस शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. निकाल न्याय्य आहे. पण तो लागेपर्यंत लवाद, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असा प्रवास झाला, आणि त्या प्रवासाचा खर्च पक्षकारांइतकाच सरकारच्या न्यायव्यवस्थेवरही पडला.

चौथ्याचा हिशेब रुपयांत मांडता येत नाही. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर वरळीत सोडून दिलेली मारुती व्हॅन सापडली. तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीममधल्या मेमन कुटुंबापर्यंत पोहोचले आणि तपासाला दिशा मिळाली. नोंद खरी होती म्हणून हे घडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झालेली मोटार अनेक हात बदलून आलेली होती. तपास यंत्रणांना आधी नोंदीतल्या जुन्या मालकाकडे जावे लागले आणि तिथून विक्रीची साखळी उलगडत पुढे सरकावे लागले. अशा वेळी वाया जाणाऱ्या तासांची किंमत कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

एक ताजा अनुभवही आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी म्हणजे एचएसआरपी बसवण्याची सक्ती झाली, तेव्हा राज्याला मुदतवाढीवर मुदतवाढ द्यावी लागली. लोकांचा आळस हे त्याचे एक कारण. पण त्यानिमित्ताने पहिल्यांदाच आरसी कपाटाबाहेर काढणाऱ्या अनेकांच्या लक्षात आले की, गाडी वापरतो आपण, नाव दुसऱ्याचे आणि मोबाइल क्रमांक तर तिसऱ्याचाच. मोबाइल क्रमांक जुळत नसेल तर ऑनलाइन सेवा पहिल्याच ओटीपीला थांबते. केंद्राने २०२२ मध्ये परिवहन कार्यालयाच्या ५८ सेवा आधारच्या मदतीने ऑनलाइन केल्या, हा मोठा बदल होता. पण जुनी नोंद चुकीची असेल तर 'फेसलेस' सेवा हवी असलेल्या माणसालाही शेवटी कल्याणच्या कार्यालयात चेहरा दाखवायला जावे लागते. आणि त्या कार्यालयावर एकट्या डोंबिवलीचा नाही, तर कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सगळ्या पट्ट्याचा भार आहे.

मग राज्ये 'महसूल बुडेल' का म्हणतात?

कारण राज्याबाहेरच्या हस्तांतरणात खरेच पैसा आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरील कर हा राज्यांचा विषय आहे. तो कोणत्या तत्त्वांवर लावावा हे मात्र समवर्ती सूचीत येते. केंद्र आणि राज्ये यांच्यातली सगळी ओढाताण या दोन नोंदींच्या मधल्या जागेत चालते.

महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. म्हणजे ९ लाखांच्या पेट्रोल मोटारीचे ९९ हजार रुपये पहिल्याच दिवशी राज्याच्या तिजोरीत जमा. कर्नाटकात हाच कर महाराष्ट्रापेक्षा जड आहे. दमण किंवा पुद्दुचेरीत तो इतका हलका की, महागड्या गाड्या तिथल्या पत्त्यावर 'पासिंग' करून मुंबईत फिरवण्याचा उद्योग वर्षानुवर्षे चालला.

बंगळुरूची नोकरी सोडून डोंबिवलीत घरी परतणाऱ्या अभियंत्याचे काय होते? तिथून नाहरकत प्रमाणपत्र आणायचे, १२ महिन्यांच्या आत इथे नवा नंबर घ्यायचा, गाडीच्या वयानुसार कर भरायचा आणि मग उरलेल्या वर्षांचा परतावा कर्नाटकाकडे मागायचा. इथे भरणे आधी आणि तिथून मिळणे नंतर. मधल्या काळात त्याचे पैसे अडकतात. पण दोन्ही राज्ये मिळून पाहिले तर एकाने परत करायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, एवढाच हा व्यवहार आहे. एकूण सरकारी महसुलात त्याने फार फरक पडत नाही. 'व्हॅन' सोडा, 'वाहन' या राष्ट्रीय प्रणालीत दोन्हीकडच्या नोंदी असताना हा हिशेब राज्यांनी आपापसांत का करू नये, या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. उत्तर आहे ते राजकीय : परतावा मागायला न येणाऱ्यांचा पैसा कोणत्याच राज्याला सोडवत नाही.

बीएच मालिकेने मात्र राज्यांच्या खिशाला खरोखर हात घातला. ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचना निघाली आणि १५ सप्टेंबरपासून ती लागू झाली. संरक्षण दले, केंद्र व राज्य सरकारी कर्मचारी, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना राज्य बदलताना नंबर बदलण्याची गरज उरली नाही. कराचा दर १० लाखांच्या आत ८ टक्के, २० लाखांपर्यंत १० आणि त्यावर १२ टक्के. तोही जीएसटी वगळून आलेल्या किमतीवर आणि दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी. वर दिलेले ९९ हजार पहिल्या दिवशी मिळण्याऐवजी तुकड्यातुकड्याने यायचे, आणि हप्ता थकला तर वसुलीही मागे लागून करायची. एकरकमी करावर वर्षाचे गणित बसवणाऱ्या अर्थखात्याला हे टोचणारच. कर्नाटकाने खासगी कर्मचाऱ्यांना बीएच नोंदणी नाकारली आणि वाद उच्च न्यायालयात गेला, तो याच कारणाने. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांनाही बीएचमध्ये येण्याची मुभा दिली, तेव्हा ही काळजी आणखी वाढली.

इथपर्यंत राज्यांची भीती समजण्यासारखी आहे. गल्लत होते ती पुढे. आंतरराज्य कराची भीती राज्यांतर्गत हस्तांतरणाच्या प्रश्नावरही पांघरली जाते. डोंबिवलीची स्कूटर उल्हासनगरला गेली, तर महाराष्ट्राचा एक रुपयाचाही कर बुडत नाही. तरीही तिची प्रक्रिया करचुकवेगिरीच्या संशयातूनच आखलेली असते.

बदल कोणता आणि त्याचा खर्च किती?

फार मोठा कायदा करायला नको. फॉर्म २९ हा फॉर्म ३० पासून वेगळा करावा, एवढीच आमची मागणी आहे. विकणाऱ्याने आधार-ओटीपी देऊन, घेणाऱ्याचा मोबाइल क्रमांक आणि त्याचाही ओटीपी घेऊन त्याच दिवशी 'गाडी विकली' अशी नोंद करावी. 'वाहन' प्रणालीत ती तारीख दिसावी आणि त्यानंतरची चलने, नोटिसा घेणाऱ्याच्या क्रमांकावर जाव्यात. पूर्ण हस्तांतरण, तपासणी, कार्ड हे सगळे नंतर सवडीने होऊ द्या.

ब्रिटनमध्ये गाडी विकणारा परवाना संस्थेला ऑनलाइन कळवतो, त्याला लगेच पोच मिळते आणि उरलेल्या पूर्ण महिन्यांचा वाहनकर आपोआप परत येतो. कॅलिफोर्नियात विकणाऱ्याने पाच दिवसांत जबाबदारी सोडल्याची सूचना द्यायची असते. आपल्याकडेही याचे अर्धे रूप आहे. डिसेंबर २०२२ च्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवताना फॉर्म २९सी भरला, की पुढची जबाबदारी त्या विक्रेत्याची मानली जाते. १ एप्रिल २०२३ पासून ही तरतूद लागू आहे. पण ती फक्त अधिकृत विक्रेत्यांपुरती. शेजाऱ्याला, ओळखीतल्या मुलाला किंवा गॅरेजवाल्याला गाडी विकणाऱ्या सामान्य माणसाला हे संरक्षण नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या दुचाकी जातात त्या बहुतेक याच वाटेने.

याला खर्च येईल. प्रणालीत बदल करावा लागेल, मेसेज पाठवावे लागतील आणि तक्रारी सोडवायला माणसे लागतील. तक्रारी येणारच : चलन चुकवण्यासाठी कुणी खोटी विक्री दाखवेल, कुणाचा ओटीपी फसवून घेतला जाईल, कुणी बँकेचे कर्ज फेडायच्या आत गाडी विकेल. म्हणून बोजा असलेल्या गाडीला ही सोय देऊ नये आणि अपघातग्रस्ताच्या भरपाईसाठी जुना मालक लगेच सुटू नये. २०१८ च्या निकालातले संरक्षण कायमच राहिले पाहिजे. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणीही हटवू नये. चोरीची गाडी तिथेच सापडते.

पैशांची सोय दुसऱ्या टोकाला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून मोबाइलवरची आरसी कायद्याने ग्राह्य आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये आरसी दाखवता येत असताना प्रत्येक हस्तांतरणाला प्लास्टिकचे कार्ड छापून टपालाने पाठवायचे कशाला? ज्याला हवे त्याने पैसे देऊन घ्यावे. छपाईची रांग कमी होईल आणि दुचाकीवाल्याचे दोनशे रुपये वाचतील. त्याच्या एकूण खर्चात शुल्कापेक्षा हा भाग मोठा आहे. त्याहून मोठा असतो तो एजंट सांगेल तो आकडा. पण तो सरकारच्या कोणत्याच खात्यात जमा होत नाही.

हस्तांतरणाचे शुल्क केंद्राच्या नियमांत ठरलेले आहे. त्यामुळे दुचाकीचे १५० रुपये माफ करायचे तर राज्याला केंद्राकडे शब्द टाकावा लागेल. विकणाऱ्याची सूचना १४ दिवसांच्या आत स्वतंत्रपणे स्वीकारायला मात्र कायदा आधीच सांगतो. तोपर्यंत ज्यांनी गाडी विकली आहे त्यांनी 'वाहन'वर जाऊन आपला जुना नंबर टाकून पाहावा. तिथे अजूनही आपलेच नाव असेल, तर विक्रीची पावती, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि गाडी दिल्याची तारीख असलेला अर्ज कल्याणच्या कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी. पुढचे चलन आले तर दाखवायला हातात तेवढा एकच कागद असतो.